बॉयकॉट, स्ट्राइक, लॉकआउट : मराठी वृत्तपत्रांतले भांडणाचे शब्द

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, त्यांतला एक पुन्हा पुन्हा येत होता. पूर्वीच्या वृत्तपत्रांची मराठी कशी स्वच्छ होती, आणि आज बघावं तर इंग्रजी शब्दांचा नुसता चिखल, असं का झालं? प्रश्न कळकळीचा आहे, पण आम्हांला तो थोडा चुकीच्या बाजूने विचारलेला वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कुठलाही अंक उघडा. कोर्ट, कलेक्टर, पोलीस, रिपोर्ट, कमिशन, बिल, लेक्चर, म्युनिसिपालिटी असे शब्द सर्रास भेटतात. मेयरचा महापौर आणि तारखेचा दिनांक होण्यासाठी सावरकरांची भाषाशुद्धीची मोहीम यावी लागली, आणि ती तर पुढची गोष्ट. तेव्हा "पूर्वी शुद्ध होतं" हे गृहीतच बाजूला ठेवलेलं बरं.

आणखी मागे गेलं तर एक गंमत दिसते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. इंग्रजी शब्दाला मराठी वाक्यात शिरायची घाई नव्हती, कारण पलीकडच्या रकान्यात त्याचं स्वतःचं घर होतं. पुढे १८८१ साली पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं एकाच मंडळींनी दोन भाषांत काढली. आगरकरांचं 'सुधारक' १८८८ साली निघालं तेही दोन भाषांत, आणि त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. म्हणजे आपले जुने संपादक ही दोन भाषांत रोज ये-जा करणारी माणसं होती. एखादा इंग्रजी शब्द त्यांच्या लेखणीखाली आला, की तो तसाच ठेवायचा, मराठी करायचा, की अर्धामुर्धा करायचा हा निर्णय त्यांना तिथल्या तिथे घ्यावा लागे. १९०८ च्या मे-जूनमधले 'केसरी'चे बाँबगोळ्यावरचे अग्रलेख आठवा. 'बाँब' इंग्रजी, 'गोळा' आपला, आणि दोघांची गाठ मारून शब्द तयार.

आज आपण असे शब्द मोजत बसणार नाही. भांडणाचे तीन शब्द घेऊ : बॉयकॉट, स्ट्राइक आणि लॉकआउट. तिन्हींना मराठी वृत्तपत्रांनी मराठी शब्द दिले, आणि ते इतके रुळले की ते भाषांतर आहे हेच आपण विसरलो. आमचं म्हणणं एवढंच आहे की इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द बसवला की तो रिकाम्या हाताने येत नाही. त्याचा आधीचा संसार तो बरोबर घेऊन येतो. भांडणाच्या शब्दाच्या बाबतीत या संसारावरून पुष्कळदा ठरतं, की शब्द कुणाच्या बाजूने उभा राहणार.

बॉयकॉटपासून सुरुवात करू. हे माणसाचं आडनाव, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंड कमी करून मागितला. तो पुरेसा मिळाला नाही आणि कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सुमाराला पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एका सभेत सांगितलं होतं की असल्या माणसाला मारू नका, त्याच्याशी बोलणं-चालणं, देणं-घेणं सगळं बंद करा, कुष्ठरोग्याला जसं दूर ठेवत तसं ठेवा. गावाने ते बॉयकॉटवर करून दाखवलं. गडी कामाला येईनात, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणून, त्यांच्याभोवती फौजफाटा ठेवून त्याचं पीक काढावं लागलं. बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

शब्दाची जन्मकथाही सांगतात. तिथल्या एका पाद्र्याला या उपायाला नाव हवं होतं. इंग्रजीत त्यासाठी ग्रीक मुळाचा एक भारदस्त शब्द होता, पण शेतकऱ्यांना तो कळणार नाही, म्हणून त्याने कारभाऱ्याचं आडनावच क्रियापद करून टाकलं. पाहता पाहता तो शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत गेला आणि तिथून जगभर. बॉयकॉट आयर्लंडमधून गेला डिसेंबर १८८० मध्ये, आणि ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी'चा पहिला अंक निघाला. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यासारखा.

या मूळ गोष्टीत जोर कुणाचा कुणावर आहे, हे नीट पाहा. खालचे पुष्कळ जण, वरचा एक. ज्यांच्या हातात जमीन नाही, कायदा नाही, पोलीस नाहीत, त्यांनी वापरलेलं ते हत्यार आहे.

१९०५ साली कर्झनने बंगालची फाळणी ठरवली. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या सभेत विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. आता पुण्याच्या संपादकाला मराठी शब्द हवा. शब्द निवडला गेला 'बहिष्कार', आणि स्वदेशी, स्वराज्य, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बसून तो चतुःसूत्रीतलं एक सूत्र झाला. आज आपल्याला वाटतं, त्यात काय मोठंसं, बॉयकॉट म्हणजे बहिष्कार. पण १९०५ च्या वाचकाला बहिष्कार म्हटल्यावर काय आठवत असेल? विलायती कापड तर नक्कीच नाही. त्याला जात आठवत असेल.

फार लांब जायला नको. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेला हातात धरला म्हणे. पुढे हजर असलेल्यांची नावं वृत्तपत्रात छापून आली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. तेव्हा बहिष्कार म्हणजे काय हे टिळकांना कोशात पाहायची गरज नव्हती. श्राद्धाला भटजी न मिळणं, मुलीचं लग्न अडणं, पंगतीत पान न मांडलं जाणं, हे त्यांच्या पिढीला अंगावर आलेलं होतं.

म्हणजे पाहा कसं झालं. आयरिश बॉयकॉट खालून वर जाणारा. आपला बहिष्कार वरून खाली येणारा, निदान पुष्कळांकडून एकट्यावर येणारा. त्यामागे धर्माधिकारी असत, पंच असत. भाषांतर करताना हत्यार तेच राहिलं, पण ते धरणारा हात बदलला. टिळकांनी काय केलं, तर समाज ज्या हत्याराने स्वतःच्याच माणसांना वाकवत आला होता, ते उचलून सरकारवर आणि मँचेस्टरवर रोखलं. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात तर ते मालाच्याही पुढे गेले. आपल्या हातात शस्त्रं नाहीत, पण त्यांना राज्य चालवायला आपली जी मदत लागते ती थांबवणं आपल्या हातात आहे, असा त्या भाषणाचा रोख होता. आम्हांला हे भाषांतर फार धारदार वाटतं. ज्या वाचकाला जातीच्या बहिष्काराची धास्ती माहीत होती, त्याला या शब्दाची ताकद समजावून सांगावी लागली नाही.

उलट बाजूही बघितली पाहिजे. डिसेंबर १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष गोखले होते. बंगालच्या लोकांनी हा उपाय योजला याचं समर्थन त्यांनी केलं, पण शब्दाबद्दल ते सावध होते. या शब्दाच्या जन्मामुळे त्याला वाईट वास चिकटलेले आहेत, तो उच्चारला की दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी आधी मनात येते, अशा आशयाचं ते बोलले. गोखले इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे त्यांना आयर्लंडचा वास आला. मराठीत तो वास येणार नव्हता. इथे दुसराच वास होता, आणि तो ज्यांना सगळ्यांत जास्त येत होता, त्यांचा त्या काँग्रेसच्या मांडवात आवाज नव्हता.

तो आवाज पुढे आला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेब आंबेडकरांचं पाक्षिक निघालं : 'बहिष्कृत भारत'. त्याआधी १९२४ साली त्यांनी संस्था काढली तिचं नावही 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. बावीस वर्षं मराठी पत्रं "बहिष्कार घाला" असं आज्ञार्थात लिहीत आली होती. इथे त्याच धातूचं कर्मणी रूप मथळ्यावर आलं. ज्यांच्यावर तो घातला गेला, ते बोलू लागले. स्वदेशीवाल्यांनी शब्दाचा जो जुना अर्थ मागे टाकला होता, तो या पत्राने वाचकासमोर परत आणून ठेवला. आम्हांला तर मराठी पत्रसृष्टीतलं हे सर्वांत अर्थपूर्ण नाव वाटतं. त्यात प्रास नाही, अलंकार नाही, नुसतं व्याकरण आहे.

आणि ते नुसतं नाव नव्हतं. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने सामाजिक बहिष्काराचं जे वर्णन केलं आहे, ते वाचताना बॉयकॉटची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कामावर बोलावणं बंद, वहिवाटीच्या वाटा बंद, वाण्याकडून मीठ-मिरची बंद. तपशील जवळजवळ तेच. फरक इतकाच की बॉयकॉटच्या मदतीला फौज आली होती.

इथे थोडं थांबून एक आक्षेप आम्हीच घेतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे ही खोड जात नाही. आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय की व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान. शब्द कुठून आला याला वापरणारा विचारत नाही. "विद्यार्थ्यांचा परीक्षेवर बहिष्कार" हा मथळा वाचताना कुणाच्या मनात पंचहौद मिशन येतं? आमच्या पिढीच्या प्राध्यापकांनीही परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातले, तेव्हा शंकराचार्य कुणाला आठवले नाहीत. खरं आहे. पण भाषा आपले हिशेब दुसरीकडे चुकते करते. बहिष्कार शब्द जसा राजकारणात रमला, तसं गावातल्या त्या जुन्या क्रूर गोष्टीसाठी बातमीदाराला दुसरा शब्द लागू लागला, आणि तो बोलीत तयारच होता : वाळीत टाकणे. रायगड जिल्ह्यातून काही वर्षांपूर्वी ज्या बातम्या येत होत्या, त्या "कुटुंबाला वाळीत टाकले" अशाच मथळ्यांनी येत. आता "विलायती कापड वाळीत टाका" असं म्हणून पाहा बरं. कानाला कसं लागतं? कापडाला वाळीत टाकता येत नाही, माणसालाच येतं. आणि याच प्रकारांवर महाराष्ट्राने कायदा केला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यात शब्द आला 'सामाजिक बहिष्कार'. म्हणजे कायद्याला 'सामाजिक' हे विशेषण लावून सांगावं लागलं, की बाबांनो, हा निवडणुकीवरचा नव्हे. एके काळी हे विशेषण लावायची गरजच नव्हती, कारण बहिष्कार सामाजिकच असे.

आता स्ट्राइक. याची हकीकत थोडक्यात आटोपते, पण गोड आहे. इंग्रजीत हा शब्द खलाशांकडून आला असं मानतात. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी शिडं उतरवून काम थांबवलं, आणि शिडं उतरवण्याला जे क्रियापद होतं तेच काम थांबवण्याला चिकटलं. हिंदीत आणि गुजरातीत शब्द आला हडताळ. हट्ट म्हणजे बाजार, आणि त्याला ताळं म्हणजे कुलूप. तो दुकानदारांचा शब्द. मराठीने यांपैकी काहीच घेतलं नाही. मराठीने घेतला 'संप'. संप म्हणजे जूट, एकी. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. "घरात संप आहे" असं गुजराती माणूस म्हणाला तर मुंबईचा मराठी माणूस क्षणभर दचकेल.

इंग्रजाने शिड पाहिलं, हिंदी-गुजरातीने कुलूप पाहिलं, मराठीने माणसं एकत्र आलेली पाहिली. आम्हांला यात मुंबईच्या गिरणगावाचा मोठा हात वाटतो. दुकान बंद करायला एक मालक पुरतो, पण साचा थांबवायचा तर खात्यातले सगळे थांबले पाहिजेत. एकीवाचून ते काम होतच नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडत गेल्या, ते वर्षाला एक दिवस या हिशेबाने. १९२८ साली तर सहा महिने संप चालला, आणि त्याच लढ्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. या नावात 'युनियन' मात्र तसाच राहिला. पुढे काँग्रेसच्या बाजूची संघटना निघाली ती 'राष्ट्रीय मिल मजदूर संघ'. कायद्याची मान्यता या संघाला, आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांची एक मागणी हीच की ही एकट्याची मान्यता काढा. 'संघ' सरकारमान्य आणि 'युनियन' लालबागची, असं ते उलटंपालटं होतं. देशी शब्द म्हणजे लोकांचा आणि इंग्रजी म्हणजे साहेबाचा, असं मानणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

संप शब्दाने मराठीला फायदा झाला असं आम्ही मानतो, जरी त्यातली एकी आता वाचकाला ऐकू येत नसली तरी. लॉकआउटच्या बाबतीत मात्र तोटा झाला. लॉकआउट म्हणजे मालकाने दाराला कुलूप घालून कामगाराला बाहेर ठेवणं. इंग्रजी शब्दाच्या पोटात 'आउट' आहे. कुणीतरी बाहेर उभं आहे, हे शब्दच सांगतो. वृत्तपत्रांनी शब्द केला 'टाळेबंदी'. शब्द सुटसुटीत, मथळ्यात मावणारा, उच्चाराला सोपा. पण यात टाळं दिसतं, माणूस दिसत नाही. कुणी लावलं तेही दिसत नाही. "गिरणीत टाळेबंदी जाहीर" असा मथळा वाचला की वाटतं, पाऊस जाहीर व्हावा तशी ही कुठूनतरी आली असावी.

हा 'बंदी'च्या कुळाचाच गुण आहे. मराठी मथळ्यांचं या कुळावर भारी प्रेम. जमावबंदी, संचारबंदी, दारूबंदी, जिल्हाबंदी, १९७६ मधली नसबंदी, २०१६ मधली नोटाबंदी. एकातही करणाऱ्याचं नाव येत नाही, आणि ज्याच्यावर येते तो माणूसही येत नाही. जमाव, संचार, दारू, नस, नोटा एवढंच येतं. शिवाय संप आणि टाळेबंदी शेजारी ठेवून वाचा. "संपामुळे उत्पादन बुडाले" या वाक्यात दोषी कोण हे वाचकाला लगेच कळतं. "टाळेबंदीमुळे उत्पादन बुडाले" यात टाळं दोषी. १९८२ नंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, तेव्हाच्या बातम्या या दोन शब्दांकडे लक्ष ठेवून वाचल्या, तर आम्ही काय म्हणतो ते लक्षात येईल. बातमीदार कामगारांच्या विरुद्ध होते असं आम्ही म्हणत नाही, पुष्कळसे तर त्यांच्याच चाळींत वाढलेले होते. पण हाताशी असलेला शब्द असा होता.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आला. काही दैनिकांनी 'लॉकडाऊन' तसाच ठेवला, काहींनी मराठी शब्द शोधला आणि त्यांच्या हाताला लागली टाळेबंदी. तरुण वाचकाला तो नवा शब्द वाटला. परळ-लालबागच्या जुन्या माणसाला तो चाळीस वर्षांपूर्वीचा वाटला असणार. एका टाळेबंदीत त्याला कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवलं होतं, दुसरीत घराच्या दाराआत. इंग्रजीत 'आउट' आणि 'डाऊन' असे दोन निराळे शब्द, मराठीत दोन्हींवर एकच कुलूप. यावर आम्हांला कुणी विचारलं की संपादकांनी काय करायला हवं होतं, तर आमचं उत्तर असं की इथे 'लॉकडाऊन'च ठेवणं बरं होतं. ज्या शब्दाच्या खात्यात आधीच एक मोठं दुःख जमा आहे, तो दुसऱ्याच व्यवहारासाठी वापरला की जुनी नोंद पुसट होते. मराठी शब्द दिला म्हणून मराठीची सेवा झालीच, असं नाही. आमच्या काही मित्रांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, शब्द वापराने वाढतो, त्याला एकाच दुःखाशी बांधून ठेवणारे तुम्ही कोण? हाही मुद्दा आहे, आणि बहिष्काराचं उदाहरण त्यांच्या बाजूचं आहे, हे आम्ही मान्य करतो.

वेळ होत आली. एक गोष्ट राहिली आहे, ती पुढच्या वेळी घेऊ. आज आपण इंग्रजीतून मराठीत येणारे शब्द पाहिले. पण मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी काही मराठी-हिंदी शब्द भाषांतर न करता तसेच घेतले : बंद, घेराव, मोर्चा. यांतला मोर्चा तर आपल्या बखरींत किल्ल्याला वेढा घालताना लावत, तोफांसकट. तो मंत्रालयावर निवेदन घेऊन जाणारा कसा झाला, तिथून पुढच्या व्याख्यानाला सुरुवात करू. ज्यांच्याकडे पन्नास-साठच्या दशकांतली घरची कात्रणं असतील, त्यांनी त्यांतले 'मोर्चा'चे मथळे तारखेसह काढून ठेवावेत. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातले असले तर फारच उत्तम.